आठ वीसची गाडी

४ जानेवारी

ताई,

वर 'प्रिय' वगैरे काही लिहीत नाही. नऊ वर्षांनी लिहितेय, कसंही सुरू केलं तरी खोटंच वाटणार. आणि पत्र फाडायचं असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून फाड, माझा अर्धा दिवस गेलाय यात.

परवा तुझी मुलगी माझ्याकडून पंक्चर काढून गेली. तिला माहीत नव्हतं मी कोण ते. मलाही आधी नव्हतं. सायकल उलटी करून चाक काढलं, तर ही डोक्यावर उभी. "जरा नीट बघा हं, मागच्या वेळी एकाने काटा आतच ठेवला होता." हनुवटी वर करून बोलते. मी म्हटलं, ही हनुवटी मी कुठे पाहिलीय? विचारलं कुठून आलीस, तर म्हणाली, "शेवटच्या स्टेशनासमोर आमचं चष्म्याचं दुकान आहे." माझा हात ट्यूबमध्येच राहिला.

मी कुठे आहे ते आधी सांगते, नाहीतर तुला वाटेल मी सायकलचं दुकान टाकून शेठाणी झाले. मी फाटकावर आहे. हो, आपल्याच. गाडी बंद झाली, रूळ उचलून नेले, ते तुला ठाऊक आहेच. आता त्या जागेवर वाट केलीय. बारीक खडी दाबून बसवलेली, दोन माणसं आणि एक सायकल शेजारून जाईल एवढी रुंद. बाराही किलोमीटर. मोटारींना बंदी, मोटारसायकलींनाही. जिथे जिथे रस्ता आडवा येतो तिथे लोखंडी खांब रोवलेत. आपली चौकी सायकली भाड्याने द्यायला ठेवली. मी इस्त्रीच्या दुकानात होते तिथून मला बोलावलं, कारण ही वाट माझ्याइतकी कोणाला माहीत? झाडायची मी, फुटक्या बाटल्या वेचायची मी, पंक्चर काढायची मी. लोक पालीसारखे अंगाला चिकटलेले कपडे घालून येतात आणि मलाच विचारतात, "मावशी, पुढे चढ आहे का?" अरे, ही आगगाडीची वाट. आगगाडीला चढ सोसतो का? सगळी सपाट.

फाटकाचा आडवा दांडा मात्र ठेवलाय, शोभेला. लाल-पांढरा रंगवून, वर करून, खिळा मारून टाकलाय. कायमचा उघडा. दांड्याचं चाक फिरवून फिरवून तुझ्या-माझ्या तळहातांना घट्टे पडले होते, आठवतं?

तर मुलीला विचारलं, तुझी आई येते का इकडे? म्हणाली, "आई? छे! आमच्या दारापासून चाळीस पावलांवर वाट सुरू होते. आई तिच्यावर पाय ठेवत नाही. भाजी आणायला मागच्या गल्लीने वळसा घालून जाते. गुडघे दुखत असताना." पंक्चर काढून दिलं. हवा जरा जास्तच भरली.

गुडघ्यांना काय झालंय?

आता कामाचं. वाटेवर पाट्या लावणार आहेत, ठिकठिकाणी, जुन्या गोष्टींच्या. त्या लिहायला एक बाई आलीय. भली आहे, पण प्रश्न फार. परवा ती जुनं रजिस्टर घेऊन आली आणि बोट ठेवून वाचायला लागली: "अकरा एप्रिल. आठ वीसची गाडी फाटकावर थांबली. फाटकवाल्याने लाल बावटा दाखवला. कारण: सांगितले नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, हे तुमचे वडील ना? काय झालं होतं हो? याची छान पाटी होईल."

मी म्हटलं, मला काय माहीत, मी लहान होते.

सतरा वर्षांची होते. तेवढी काही लहान नाही. पण तू त्या गाडीत होतीस, म्हणून तुला विचारते. काय सांगू तिला?

तुझी,
धाकटी


२१ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. साडेतीन ओळी. शाई महाग झाली वाटतं.

"खरं ते लिहू दे. बापाने आपल्या मुलीला भर गाडीतून उतरवलं. माझा उल्लेख नको. गुडघे ठीक."

उतरवलं म्हणतेस. बाबांनी तुझ्या अंगाला हात लावला होता का? आठव जरा. गाडी थांबली, तिसरा डबा बरोबर चौकीसमोर आला. खिडकीत तू. शेजारी तो घड्याळवाला, मांडीवर त्याची हत्यारांची पेटी. बाबा धावत आले, कोपरापर्यंत हात ओले. ड्रायव्हर खाली उतरून ओरडत होता, "कोणी दाखवला? काय आहे रुळावर?" बाबा म्हणाले, "मी दाखवला." तेवढंच. तुझ्याकडे बघूनसुद्धा काही म्हणाले नाहीत. तू आपणहून उतरलीस, पिशवी घेऊन. बाबांच्या हातात लाल बावटा. त्यांच्यासमोर उभी राहून म्हणालीस, "झालं समाधान?" आणि आत गेलीस.

तो उतरला नाही. त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही. दर सोमवारी एकेका स्टेशनाचं घड्याळ लावत जायचा, त्याला पुढच्या स्टेशनाचं लावायचं असेल. तुझा राग मात्र त्याच्यावर कधी निघाला नाही. सगळा बाबांवर.

आता तू म्हणशील, मी बाबांची वकिली करते. करते. कोणी करायची मग? तीन महिन्यांत तुझं लग्न झालं, भाऊजींशी. ज्या गावाला निघाली होतीस त्याच गावाला तुला दिली, माणूस तेवढा वेगळा. संसार वाईट झाला असं मी म्हणत नाही, मुलगी चांगली तुकतुकीत आहे तुझी. पण मागे काय झालं ते तू कधी विचारलंस?

मी सांगते. विनाकारण गाडी थांबवली म्हणून बाबांचं फाटक गेलं. सव्वीस वर्षं फाटकावर काढलेला माणूस, त्याला रुळांच्या दुरुस्तीच्या टोळीत टाकला, पुलापलीकडे. वय सत्तेचाळीस. घण मारायचा, रुळांखालचे लाकडी स्लीपर खांद्यावर घ्यायचे, उन्हात खडी चाळायची. टोळीतली पोरं त्यांना 'लालबावटे' म्हणायची. "ओ लालबावटे, घण उचला, का थांबवताय काम?" बाबा हसायचे. मी डबा घेऊन जायचे तेव्हा ऐकायचे. एकदा एकाच्या अंगावर डबा फेकला मी, जेवणासकट. बाबा मला ओरडले, त्याला नाही. तीन वर्षांत पाठ गेली त्यांची. उठताना भिंतीला धरून उठायचे, आणि आवाज करायचे नाहीत. तो आवाज नसणंच मला सहन व्हायचं नाही.

आम्ही टोळीच्या खोलीत राहायला गेलो होतो. खिडकीतून गाडी दिसायची. आठ वीसची आपल्या फाटकावर, पुलावर आठ अठ्ठावीस. बाबा घड्याळाकडे बघायचे नाहीत, पण त्या वेळी हातातलं काम थांबायचं.

तर पाटीवर "बापाने उतरवलं" असं मी लिहू देणार नाही. ते खरं नाही.

म्हणजे, तसं खरं नाही.

चौकीवर गिऱ्हाईक आलंय, थांबते.

धाकटी


९ फेब्रुवारी

ताई,

पाटी लागली.

मी काही केलं नाही, आपोआप झालं. इथे एक म्हातारे मास्तर रोज चालायला येतात. त्यांनी पाटीवालीला सांगितलं की त्या दिवशी रुळावर डोंगरावरून धोंडा आला होता, एवढा मोठा, आणि फाटकवाल्याने जिवाची पर्वा न करता गाडी वाचवली. त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं म्हणे. इथे डोंगर तरी आहे का? शाळेमागची टेकडी आहे, तिच्यावरून शेळीसुद्धा घसरणार नाही.

पाटीवाली धावत माझ्याकडे. "मावशी, तुम्ही बोलला का नाहीत? केवढं मोठं काम! आणि त्यांना शिक्षा झाली उलट!" तिच्या डोळ्यांत पाणी. मी चाकाला तेल घालत होते. घालतच राहिले. तोंडाळ म्हणून मला सगळे ओळखतात, पण गप्प बसायचं ठरवलं तर माझ्यासारखं गप्प बसणारं कोणी नाही.

आता चौकीच्या भिंतीशी पाटी आहे. वर बाबांचा फोटो, ओळखपत्रावरचा, मोठा करून. शेजारी काचेची पेटी, तिच्यात लाल बावटा. तोच. माझ्या ट्रंकेत होता, मीच दिला. लोक थांबतात, वाचतात, फोटो काढतात. काल एका कुटुंबाने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, चांगलंच आहे की. आयुष्यभर लालबावटे म्हणून घेतलं, आता मेल्यावर मान मिळतोय तर मिळू दे. कोणाचं काय जातं?

आज सकाळी मी पाटीवर पोतं टाकलं. विचारलं तर सांगते, पक्षी घाण करतात.

हे पत्र टाकू की नको ते बघते.


१० फेब्रुवारी

ताई,

कालचं पत्रही यातच घालते.

बावटा मी दाखवला.

लिहून झालं. एकतीस वर्षं तयारच होतं ते वाक्य.

आता सगळं सांगते, आणि मध्ये थांबणार नाही. त्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, दवाखान्यातून गोळ्या आणते. तू गेल्यावर मी अंथरुणं आवरली, तर खुंटीवर आईची शाल नव्हती. फणी नव्हती. आपल्या दोघींची एकच फणी होती, ती तू नेलीस. फणी बघून मला कळलं. गोळ्या आणायला कोणी फणी नेत नाही.

मी बाबांना सांगायला पाहिजे होतं, किंवा धावत स्टेशनवर जाऊन तुझ्या पाया पडायला पाहिजे होतं. दोन्ही केलं नाही. भांडी घासली. टेलिफोन खणखणला, गाडी सुटली म्हणून. बाबांनी फाटक पाडलं आणि बावटे माझ्या हातात दिले. "आज तू उभी राहा. मी विहिरीवर आहे." मी बाबांच्या वतीने पुष्कळदा उभी राहायचे, नियमात नव्हतं तरी. हिरवा उजव्या हातात उघडा, लाल गुंडाळून काखेत. तुला सांगायला नको.

वळणावर इंजिन दिसलं. मी हिरवाच धरला होता. खरंच. इंजिनाची काळी पुढची बाजू दिसली आणि मला एकदम दिसलं, उद्यापासून सकाळी कोण उठेल. कोण चूल पेटवेल, कोण फाटकाचं चाक फिरवेल, रात्रभर बाबांच्या खोकल्यापलीकडे कोणाचा आवाज असेल. तू मला बोलून गेली असतीस तर. "चल" नको, नुसतं "जाते" म्हणाली असतीस तर. मी हिरवा खाली टाकला आणि काखेतला लाल सोडला.

तुला आठवत असेल, बाबा म्हणायचे, लाल म्हणजे लाल. ड्रायव्हरने विचार करायचा नाही, थांबायचं. एवढी मोठी गाडी, ताई, आणि माझ्या एका फडक्याने थांबली. मला वाटलं होतं, थांबणार नाही. म्हणजे मी काय लहान मुलासारखी रागाने हलवत होते नुसता. चाकं किंचाळायला लागली तेव्हा मला भान आलं. मग उशीर झाला होता.

बाबा विहिरीवरून धावत आले. माझ्या हातात लाल. खिडकीत तू. ड्रायव्हर अजून इंजिनाच्या पायऱ्या उतरत होता; त्याने लांबून लाल तेवढा पाहिला होता, हात कोणाचा ते नाही. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खिडकीकडे, आणि माझ्या हातातून बावटा काढून घेतला. इतक्या हळू, की जणू तान्ह्या मुलाच्या मुठीतून काही काढतायत. तू मान वळवलीस तेव्हा तो त्यांच्या हातात होता.

तुझा राग बाबांवर राहिला, मी राहू दिला. तुझ्या लग्नात तू त्यांच्याशी बोलली नाहीस, मी तुझे केस विंचरत होते, मी गप्प. टोळीत त्यांची पाठ गेली, मी गप्प. रूळ उचलले त्याच्या पुढच्या वर्षी ते गेले. मी तुला निरोप पाठवला, तू आली नाहीस. मग मी तुला पत्र लिहिलं. ते तू ठेवलं असशील, तू सगळं ठेवतेस. "तुला बाप नव्हता, आजपासून मला बहीण नाही." असं मी लिहिलं. मी. तुला.

त्या पत्राला तोड नाही. असं पत्र लिहायला माझ्यासारखीच पाहिजे.

क्षमा वगैरे मागत नाही, मला ते नीट येत नाही आणि तुलाही द्यायला येणार नाही. फक्त बाबांवरचा राग काढून माझ्यावर टाक. उचलून इकडचा तिकडे. तो पहिल्यापासून चुकीच्या पत्त्यावर गेलाय.

धाकटी


२ मार्च

ताई,

वीस दिवस मी रोज पोस्टमनकडे असं बघत होते की तो आता सायकलवरून न उतरता लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. आज त्याने हात हलवला नाही.

कार्डावर एकच ओळ. वर धाकटी नाही, खाली ताई नाही.

"बाबा गाडीच्या वेळी विहिरीवर का गेले होते?"

तुला काय सांगू. मी ते पत्र टाकलं तेव्हाच मला वाटलं होतं, सगळ्यांतून नेमकं हेच ती धरेल. तू फाटकवाल्याची मुलगी आहेस. गाडीच्या वेळी बाबा कधी फाटक सोडायचे नाहीत हे तुला माहीत आहे. आई गेली त्या दिवशीसुद्धा आठ वीसला ते उभे होते. मी उभी राहायचे तेव्हाही ते चौकीच्या दारात असायचे. सव्वीस वर्षांत एकदाच ते विहिरीवर गेले.

मलाही नऊ वर्षांपूर्वी कळलं. मागच्या पत्रात मी हे लिहिलं नाही. सगळं सांगते म्हटलं आणि हे ठेवून घेतलं. कारण तेवढं सांगितलं की माझ्याकडे काहीच उरत नाही.

शेवटच्या आठवड्यात बाबा पडूनच होते. मी त्यांचे पाय चोळत होते. बोलता बोलता म्हणाले, "घड्याळवाला चांगला होता गं." मी म्हटलं, कोण? मला वाटलं, भ्रम झालाय. तर म्हणाले, "माझ्याकडे आला होता. रीतसर विचारायला. दहा दिवस आधी."

तो आला होता, ताई. लपूनछपून नाही. बाबांना विचारायला आला होता. आणि बाबांनी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. काकांनी तुझं भाऊजींशी ठरवून टाकलं होतं, शब्द देऊन बसले होते, आणि काकांपुढे बाबांची जीभ कधी उचलली का? बाबा म्हणाले, "थोरल्या भावाला तोंडावर नाही म्हणायची माझी ताकद नव्हती. पाठ फिरवायची तेवढी होती." घड्याळवाल्याला त्यांनी एवढंच सांगितलं, सोमवारची आठ वीसची गाडी असते. बास.

तू आईची शाल काढलीस ते त्यांनी बघितलं होतं. तू दाराबाहेर पडलीस तेव्हा ते जागे होते. गाडी यायच्या वेळी ते विहिरीवर गेले, कारण त्यांना तू जाताना दिसायला नको होतीस. पुढे कोणी विचारलं असतं, तुझ्या फाटकावरून मुलगी गेली, तू काय करत होतास, तर खरं सांगता आलं असतं, मी पाणी काढत होतो, मला दिसली नाही.

मी म्हटलं, बाबा, मग मला का उभं केलंत?

म्हणाले, "मी तुझ्या हातात हिरवा देऊन गेलो होतो."

मी दुसरा पाय चोळायला घेतला.

मी विचारलं, ताईला का नाही सांगितलंत इतकी वर्षं? ते भिंतीकडे बघत म्हणाले, "सांगितलं तर ती तुला टाकेल. माझं काय, आज आहे उद्या नाही. तुम्ही दोघी एकमेकींना पुरायला पाहिजे." मग म्हणाले, "मी गेलो की सांग. तेव्हा सांग."

ते गेले आणि मी ते पत्र लिहिलं. तेच, बहीण नाही म्हणून. सांगायचं होतं ते हे, आणि लिहिलं ते. मला भीती वाटली ताई. रागावणं मला सोपं जातं, तेवढं एकच मला चांगलं येतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. बाबा तुला जाऊ द्यायला विहिरीवर गेले होते.

धाकटी


१७ मार्च

ताई,

तुझं काही आलं नाही. येईल असं धरलेलंही नाही. हे शेवटचं.

पाटी बदलली. पाटीवालीला बोलावलं, पोतं काढलं, म्हटलं लिही आता मी सांगते तसं. ऐकून ती खालीच बसली.

"मावशी, असं कोणी पाटीवर लिहितं का?"

"मी लिहायला सांगतेय ना."

"पण लोक तुम्हाला नावं ठेवतील."

"ठेवू देत. माझ्याकडून सायकल घेऊन कुठे जाणार? बारा किलोमीटर पुढे, बारा मागे, इथेच आणून द्यायचीय."

मास्तर रागावले, म्हणाले, माझ्या धोंड्याचं काय? मी म्हटलं, मास्तर, तुमचा धोंडा तुम्ही परत टेकडीवर ठेवा.

आता पाटी अशी आहे: "या फाटकावर अकरा एप्रिलला आठ वीसची गाडी थांबली. रुळावर काही नव्हतं. लाल बावटा फाटकवाल्याच्या धाकट्या मुलीने दाखवला आणि शिक्षा फाटकवाल्याने घेतली. त्याची चूक नव्हती." तुझा उल्लेख नाही. तू नको म्हणाली होतीस.

मी काल तुझ्या टोकापर्यंत आले होते. सायकलवर. हो, मला येते आता, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकले, दोनदा खड्ड्यात पडले, तुला हसायचं असेल तर हस. पुलावर लाकडी फळ्या घातल्यात, चाकाखाली खडखड वाजतात, डोळे मिटले तर डब्यात बसल्यासारखं वाटतं. तुमच्या स्टेशनाचं घड्याळ अजून आहे, बंद पडलेलं. समोर दुकान. तू गल्ल्यावर बसून कोणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू आवळत होतीस, अगदी डोळ्यांजवळ धरून. केस पांढरे झालेत तुझे. भांग अजून डावीकडेच पाडतेस. मी चाळीस पावलं मोजली, उलटी, तुझ्या दारापासून वाटेपर्यंत. बेचाळीस आहेत. मग परत आले. आत यायचा हक्क माझा नाही, तेवढं मला कळतं.

अकरा एप्रिलला शनिवार आहे. तुमच्या टोकाला आमच्याच सायकली ठेवतात, तिथे मी एक तीनचाकी सांगून ठेवलीय. मागे ऐसपैस बसायला जागा आहे, गुडघे वाकवायला लागत नाहीत. मुलगी चालवेल, तिचे पाय चांगले आहेत. सातला निघालात तर आठ वीसला फाटकावर.

मी फाटकावर उभी राहीन, जिथे उभी होते तिथेच. हातात हिरवा. तो मी ट्रंकेतून काढून धुऊन वाळत घातलाय, रंग थोडा उडालाय पण लांबून ओळखू येतो.

माझ्याशी बोलू नकोस. बघायचं नसेल तर बघूही नकोस, पलीकडे विहीर दिसते, तिकडे बघ. पुढे आपल्या जुन्या स्टेशनापर्यंत जा, त्याच्याही पुढे जा. या वेळी कोणी मध्ये येणार नाही. फाटकाच्या दांड्याला खिळा मारलेला आहे, तो खाली येत नाही. लाल बावटा काचेत कुलूपबंद आहे आणि किल्ली पाटीवालीकडे असते.

तुला थांबवायला माझ्याकडे काही नाही. थांबू नकोस. नुसती जा.

धाकटी